पिचिकोच्या दलदलीतली गाठ

१

टाकी रिकामी होती, आणि प्रोफेसर स्ट्रँड ओढ्याकाठच्या चिखलात पालथे सापडले होते. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी उघडकीला आल्या. त्यामुळे इन्स्पेक्टर एदेल्मिरा कार्कामो पिचिकोला पोचेपर्यंत लोकांनी त्यांची सांगड घालूनही टाकली होती. म्हाताऱ्यानं चोरी केली, आपल्या जीपकडे पळताना छातीत कळ आली, पडला. बेशुद्ध प्रोफेसरांना घेऊन रुग्णवाहिका पुएर्तो मोंतकडे गेली होती आणि वाटेत एदेल्मिराच्या गाडीला तिनं चिखलानं माखून सोडलं होतं.

"नेमकं गेलंय काय?" बूट झटकत एदेल्मिरानं विचारलं.

"गाठ," डॉक्टर इर्मा ओयार्सून म्हणाली. उत्खनन तिचं होतं. दलदलीत कंबरेपर्यंत उतरून काम करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि आज ती, उत्खननाचा तळ असलेल्या जुन्या शाळेच्या पायरीवर हात मांडीवर टाकून बसली होती.

"कसली गाठ?"

"लव्हाळ्याच्या दोरीची. लाकडाच्या खुंटीला मारलेली. कुणीतरी इथं कातड्याचा तंबू ठोकला आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरी बांधली. तेव्हा समोरच्या डोंगरांवर बर्फाचे थर होते."

"म्हणजे जुनी आहे."

"साडेचौदा हजार वर्षं." इर्मानं डोळे पुसले. "तुम्ही शाळेत काय शिकलात? उत्तरेत बर्फ वितळला, वाट मोकळी झाली, आणि भाले घेतलेली माणसं त्या वाटेनं या खंडात उतरली. माझी गाठ त्या वाटेपेक्षा जुनी आहे, इन्स्पेक्टर. वाट उघडायच्या आधीच इथं, खंडाच्या पार शेपटाला, कुणीतरी चूल पेटवून बसलं होतं."

"आणि शाळेतलं ते पुस्तक स्ट्रँडसाहेबांनी लिहिलेलं."

"त्यांनीच. वीस वर्षं मला खोटं पाडतायत. गाठ तपासायला नेमलेल्या समितीचे बाकीचे लोक उद्या येणार, हे दोन दिवस आधी आले. काल म्हटलं, बघा तरी. तर म्हणाले, परवा सगळ्यांसमोर, उजेडात पाहीन. समितीनं मान्य केलं असतं तर सरकार ही दलदल राखणार होतं. नाहीतर जमीनमालक डॉन एवारिस्तो चर खणून ती सुकवणार आणि पाईन लावणार."

"गाठ आता कुठं असेल, काही अंदाज?"

"कुठंही असली तरी वाळत असेल." इर्माचा आवाज चिरकला. "दलदलीत हवा शिरत नाही म्हणून ती टिकली. पाण्याबाहेर काढली की सुकते, सुकली की भुगा. दगडाचं हत्यार असतं तर चोरानं दहा वर्षांनी परत केलं तरी चाललं असतं. हिला संध्याकाळसुद्धा दिसायची नाही."

"म्हणजे मी चोर शोधायचा की गाठ?"

"गाठ. चोर जाऊ दे मसणात."

२

एदेल्मिराची एक खोड होती. ती संशयितांना 'तुम्ही कुठं होतात' असं आधी विचारत नसे. त्याचं उत्तर लोक घोकून आलेले असतात. ती विचारायची, सकाळी काय खाल्लंत?

डॉन एवारिस्तो क्लेनर आपणहून गाडी घेऊन आला होता. सगळी आजूबाजूची जमीन त्याची. "दोन अंडी आणि बायकोनं केलेला सफरचंदाचा केक," तो म्हणाला. "पाद्रीबाबा होते सोबतीला, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खाल्ला. बाईसाहेब, मला ही दलदल सुकवायचीय हे मी कुणापासून लपवलेलं नाही. पण चोरी करायला मी या रबरबाटात उतरेन? बूट बघा माझे."

बूट खरंच आरशासारखे होते.

"आणखी एक," गाडीत बसता बसता तो म्हणाला. "डोंगरात पहाटेपासून धो धो कोसळतोय. दुपारपर्यंत ओढा फुगेल. तुमची गाडी वर घ्या."

निकानोर हा इर्माचा मदतनीस. टाकीची जबाबदारी त्याच्याकडे. तो गावात राहायचा आणि रोज सायकलनं यायचा. त्याचे डोळे लाल झाले होते.

"स्वयंपाकघरात सोपाइपिया खाल्ल्या, गरम गरम तळलेल्या. मग कोठीत गेलो तर कुलूप उघडं. किल्ली स्वयंपाकघरातच खिळ्याला असते, सगळ्यांना ठाऊक आहे. चोरानं तोटी सोडून टाकी रिकामी केलेली आणि गाठ गायब!" मग त्यानं आवाज खाली आणला. "म्हाताऱ्यानं ओढ्यात फेकली हो. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भिजलेला होता. डॉक्टरबाईंना सांगायचा धीर होत नाही."

तळावरची स्वयंपाकीण डोन्या त्रान्सितो यांकापान स्वयंपाकघरात पातेली आपटत होती. शाळेत रात्री ती आणि प्रोफेसर, दोघंच झोपलेले. इर्माचा तंबू पूल ओलांडून ओढ्यापलीकडे, उत्खननाच्या खड्ड्यापाशी.

"तुम्हाला काही ऐकू आलं नाही, डोन्या त्रान्सितो?"

"मला? अगं पोरी, माझा डावा कान कधीच गेलाय, आणि उजव्या कुशीवर झोपले की तोफ उडाली तरी कळत नाही. पण माझ्या बरणीचं कोण बघणार? ती मोठी, रुंद तोंडाची! कोचायुयो ठेवायची माझी बरणी!"

"चोरीला गेली?"

"गेली. आणि आतलं कोचायुयो बघ कसं काढून ठेवलंय!"

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर वाळलेल्या समुद्री शेवाळाच्या जुड्या एकीला एक लावून ठेवल्या होत्या. एक काडी तुटलेली नव्हती.

"ती गाठ सांतियागोला नेऊ नये, असं तुम्ही म्हणाला होतात म्हणे."

"म्हणाले होते आणि आजही म्हणते. आमच्याच कुणा आजीनं मारलेली गाठ ती. इथली आहे, इथं राहू दे. इर्माच्या तोंडावर सांगितलंय."

"म्हणून तुम्हीच लपवली नसेल ना?"

त्रान्सितोनं तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "लपवायची असती तर शेजारणीची बरणी घेतली असती. स्वतःची कशाला घालवू?"

एदेल्मिरा हसली. "निकानोरनं सकाळी किती सोपाइपिया खाल्ल्या?"

"खातोय कसला! नुसता चिवडत बसला. आल्यावर आधी कोठीकडेच गेला, मग इकडे. विजारीचे गुडघे चिंब. विचारलं तर म्हणे, गवतावर दव होतं." तिनं कालथा रोखला. "सायकलवर बसलेल्या माणसाचे गुडघे दवानं भिजतात होय गं?"

३

कोठी म्हणजे शाळेचा जुना वर्ग. फळ्याखालच्या कट्ट्यावर टाकी होती. पारदर्शक, आडवी, बाजूला तोटी असलेली. तोटी तळापासून दोन बोटं वर. आत एक जाळी, तिच्यावर गाठ ठेवलेली असे. फळीच्या भिंतीपलीकडे प्रोफेसरांची खोली होती. एदेल्मिरा तिकडे जाऊन आली. पांघरूण एका बाजूला फेकलेलं, चष्मा उशाशी तसाच. खाट भिंतीला टेकलेली, आणि भिंत इतकी पातळ की कोठीतली निकानोरची चाहूल तिला इकडे ऐकू येत होती.

ती परत आली आणि टाकीसमोर उकिडवी बसली.

दलदलीचं पाणी चहासारखं तपकिरी. राहिलेला चहा कपात कडी सोडतो तशी टाकीच्या आतल्या अंगाला तपकिरी कडी होती. एकाखाली एक, वरपासून तोटीपर्यंत.

तिनं तोटीवरून बोट फिरवलं. तोटी कोरडी ठणठणीत. कट्टा कोरडा. पण कट्ट्याखालच्या जमिनीच्या दोन फळ्यांच्या फटीतून तिनं खाली डोकावलं तेव्हा शाळेच्या पोटात, मातीत, चांगलं डबकं साचलेलं दिसलं. दोन कोंबड्या त्यात चोच बुडवत होत्या.

"निकानोर," ती मागं न बघता म्हणाली, "दार लावून घे."

त्यानं लावलं.

"चोर तोटी सोडतो तेव्हा पाणी एकदम जातं. कडी उमटायला त्याला वेळ मिळत नाही. हे पाणी हळूहळू गेलंय, थेंब थेंब. आणि कुणीतरी नंतर तोटी आवळली, गुडघ्यावर बसून जमीन पुसली. कोण ते मला त्रान्सितोबाईंच्या सोपाइपियांनी सांगितलंय."

निकानोर भिंतीला टेकला आणि तसाच घसरत खाली बसला.

"वायसर झिजला होता," तो म्हणाला. "बाई आठवडाभर सांगत होत्या, बदल. मी रोज म्हणायचो, उद्या. सकाळी आलो तर कुलूप उघडं, टाकी रिकामी, तोटी ओली, खाली सगळं पाणी. मला वाटलं, आता सगळं माझ्यावर. तेवढ्यात ओढ्याकडून बाईंची आरोळी ऐकू आली, म्हातारा पडलाय म्हणून. मग वाटलं..."

"मग वाटलं, चोर आयताच मिळालाय."

त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. "पण गाठ मी नाही घेतली! आईची शपथ, इन्स्पेक्टर!"

"ते मला कळलंय."

"मग चोरली कुणी?"

एदेल्मिरा गुडघे सावरत उठली. "कुणीच नाही. ऊठ, तुझ्या बाईंना हाक मार. आणि ओढा बघून ये, किती चढलाय."

४

इर्माला ते पटेना. सगळे स्वयंपाकघरात चुलीभोवती उभे होते, आणि बाहेर ओढ्याचा आवाज मघापेक्षा जड झाला होता.

"तो माणूस माझी गाठ वाचवेल? स्ट्रँड? तिनं त्याचं सगळं आयुष्य खोटं ठरतंय!"

"ऐका तर खरं. प्रोफेसरांना उजाडताना जाग आली. भिंतीपलीकडे टपटप चाललेली. टाकीत काय आहे हे ते जाणून होते. किल्ली घेतली, आत गेले. पाणी तोटीपर्यंत उतरलं होतं आणि जाळीवरची गाठ उघडी पडली होती."

"मग पाणी घालायचं होतं ना त्यात!"

"कुठलं? नळाचं?"

"छे!" इर्मा चटकन म्हणाली. "नळाच्या पाण्यात औषध असतं, ते..." आणि ती थांबली.

"हे तुम्हाला ठाऊक, तसं त्यांनाही ठाऊक. आता बघा. तोटी तळापासून दोन बोटं वर आहे. तोटी कितीही गळली तरी तेवढं पाणी आत राहायलाच हवं. पण टाकीचा तळ कोरडा आहे. ते शेवटचं पाणी कुणीतरी टाकी तिरपी करून ओतून घेतलं. ज्याला गाठ नष्ट करायचीय तो तिच्याबरोबर पाणी नेत नाही."

"माझी बरणी!" त्रान्सितो ओरडली.

"तुमची बरणी. गाठीच्या जिवावर बेतलेलं असतानासुद्धा ज्या माणसानं दुसऱ्याच्या घरातलं कोचायुयो नीट रचून ठेवलं, तो काही मोडायला निघाला नव्हता."

निकानोर चाचरत म्हणाला, "पण मग जीपकडे का पळाले?"

"पळाले कुठं? जीप रस्त्याच्या बाजूला आहे. ते सापडले पुलाच्या पलीकडे. डॉक्टर, तुम्हीच पहिल्यांदा पाहिलंत त्यांना. डोकं कुठल्या दिशेला होतं?"

इर्मा ओढ्याच्या दिशेला वळली. "माझ्या तंबूकडे," ती म्हणाली.

"डोन्या त्रान्सितोंचं दार त्यांनी वाजवलंही असेल. उठलं नाही कुणी. मग तुमच्याकडे निघाले, हातात पाण्यानं भरलेली जड बरणी घेऊन. पुलापाशी छातीत दुखायला लागलं. बरणी हातात घेऊन कोसळलो तर फुटणार, हे त्यांना कळलं. तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली. अशा ठिकाणी, जिथं पाणी थंड आहे, दलदलीचंच आहे. फेकणाऱ्याचा हात खांद्यापर्यंत भिजत नाही. पाण्यात काहीतरी जपून ठेवणाऱ्याचा भिजतो. बरणी ठेवली आणि रिकाम्या हातानं तुम्हाला उठवायला आले. तेवढं मात्र जमलं नाही."

"लाल मफलर," इर्मा पुटपुटली. "काल जेवतानाही त्यांनी गळ्यातून काढला नव्हता. सकाळी मी कॉलर सैल करायला गेले तर गळा मोकळा होता."

बाहेर ओढ्यात काहीतरी मोठं, ओंडक्यासारखं, पुलाला धडकलं.

५

पुलाच्या फळ्या अजून पाण्यावर होत्या, पण जेमतेमच. तपकिरी पाणी काठच्या गवतात शिरलं होतं. एदेल्मिरानं निकानोरला पुलाच्या खालच्या अंगाला उभं केलं, दोरी कमरेला बांधून. "काही वाहत आलं तर सोडू नकोस."

"नाही सोडणार," तो म्हणाला, आणि या वेळी तिला त्याचं खरं वाटलं.

इर्मा काठावर पालथी झोपली. पुलाजवळ आरायानचं झाड होतं, त्याची मुळं पाण्यात उतरलेली. तिनं हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत.

"नुसता गाळ आहे."

"जरा वरच्या बाजूला. त्यांचा हात तुमच्यापेक्षा लांब."

पाणी इर्माच्या हनुवटीला लागत होतं. त्रान्सितोनं तिचे दोन्ही पाय धरले होते आणि ती आपल्या मापुदुंगुन भाषेत कुणाला तरी शिव्या घालत होती. ओढ्याला की प्रोफेसरांना, ते कळत नव्हतं.

"लोकर!" इर्मा किंचाळली. "लोकर लागतेय हाताला!"

लाल मफलरचं एक टोक मुळाला करकचून बांधलेलं होतं. दुसरं बरणीच्या गळ्याभोवती. प्रवाहानं बरणी मुळापासून ओढून ताणली होती, आणि लोकर ताणून ताणून सुतळीएवढी झाली होती. इर्माला गाठ सोडवता येईना, बोटं गारठली होती. एदेल्मिरा तिच्या शेजारी चिखलात झोपली आणि दोघींनी मिळून मूळच मोडलं.

बरणी वर आली तेव्हा तिचं तोंड प्रोफेसरांच्या हातरुमालानं बांधलेलं होतं. आत तपकिरी पाणी. इर्मानं ती उजेडाकडे धरली.

खुंटी होती. खुंटीवर लव्हाळ्याचे दोन वेढे, आणि त्यावर ओलीगच्च, काळी, शाबूत गाठ.

इर्मानं बरणी छातीशी घेतली आणि तशीच चिखलात फतकल मारून बसली, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं एदेल्मिराला वाटलं. मग लक्षात आलं की ती हसतेय. निकानोर कमरेची दोरी सोडायचं विसरून काठावर उभा राहून हमसाहमशी रडत होता.

"झालं ना आता?" त्रान्सितो म्हणाली. "चला, सगळ्यांनी आत चला. सूप गरम करते. आणि माझी बरणी मला धुऊन मिळाली पाहिजे."

"मिळणार नाही," इर्मा म्हणाली. "ही आता इथंच राहील, गाठीसकट. सांतियागोला जाणार नाही. तुम्हाला नवीन घेऊन देते."

त्रान्सितोनं आपली शाल काढली आणि इर्माच्या ओल्या खांद्यांवर टाकली.

६

प्रोफेसर स्ट्रँड वाचले. ते तोंड उघडण्याइतके बरे झाले असा पुएर्तो मोंतहून निरोप आला, तेव्हा एदेल्मिरा स्वतः, ड्रायव्हरसकट गाडी घेऊन पिचिकोला गेली. गाठ एकदा तपासणीसाठी वाल्दिव्हियाच्या प्रयोगशाळेत न्यायचीच होती, आणि रस्ता इस्पितळावरून जात होता. इर्मा सगळ्या वाटेत बरणी मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की दोघीही श्वास रोखायच्या.

समितीचे बाकीचे लोक येऊन, पाहून, खड्ड्यात उतरून गेले होते. दलदलीत चर खणायला सरकारनं तूर्त मनाई केली होती. डॉन एवारिस्तो गावभर सांगत फिरत होता की ही गाठ त्याच्या जमिनीत सापडली आहे.

स्ट्रँड उशीला टेकून बसले होते, काठीसारखे वाळलेले, नाकात नळी. इर्माला बघून त्यांनी दाराकडे नजर टाकली, जणू पळायला वाट आहे का ते बघत होते.

"मिळाली?" त्यांनी विचारलं. त्यांची स्पॅनिश ओबडधोबड होती, पण कळायची.

"मिळाली," इर्मा म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. छातीवरचा हात वर गेला, खाली आला. "मला वाटत होतं, वाहून गेली. कुणी मला सांगेना. नर्सला विचारलं तर म्हणते, आराम करा."

"प्रोफेसर," एदेल्मिरा म्हणाली, "एक विचारू? तुम्ही कूस बदलून झोपला असतात तरी चाललं असतं. कुणालाही कळलं नसतं."

"मला कळलं असतं." ते थोडे चिडलेच. "बाई, मी वीस वर्षं म्हणतोय, मला पुरावा दाखवा. आणि पुरावा भिंतीपलीकडे थेंब थेंब मरतोय हे ऐकत पडून राहू? मी हटवादी आहे. बदमाश नाही."

इर्मानं बरणी त्यांच्या पुढ्यात, पलंगाच्या टेबलावर ठेवली. "त्या सकाळी चष्म्याशिवाय पाहिलीत तुम्ही. आता नीट बघा."

त्यांनी चष्मा चढवला. बरणी फिरवली. वेढे पाहिले, दोरीचा पीळ पाहिला, खुंटीचं तासलेलं टोक पाहिलं. परत फिरवली. नर्स औषध घेऊन आली, तिला हातानंच थांबवलं. इर्मा उभी होती तशीच उभी. एदेल्मिराला वाटलं, हिचा श्वास चालू आहे की नाही.

"कुणाला तरी वाऱ्याची भीती होती," म्हातारा अखेर हळू आवाजात म्हणाला. "दोनदा वेढा घेऊन मग बांधलीय." त्यानं चष्मा काढला, पांघरुणाला पुसला, परत घातला. त्याचे डोळे ओले होते, पण आवाज एकदम वर्गात शिकवणाऱ्या मास्तरासारखा झाला. "डॉक्टर ओयार्सून, माझे तीन आक्षेप आहेत."

मग इर्मानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पलंगाला अगदी चिकटून ठेवलं आणि अंगातला कोट काढून बसली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान एदेल्मिरानं पहिल्यांदाच पाहिलं.

"पहिला सांगा," ती म्हणाली.

एदेल्मिरा बाहेर आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, इंजिन बंद कर, हे काही लवकर आटपत नाही.